काकांचं छत आणि आमचं सोलर

मी सोसायटीची सेक्रेटरी कशी झाले, हे सांगायला फार वेळ लागत नाही. त्या वर्षीच्या जनरल मीटिंगला मी चष्मा घरी विसरून गेले होते. तो आणायला तिसऱ्या मजल्यावर गेले आणि खाली येईपर्यंत माझी निवड झालेली होती. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, कारण मला वाटलं दुसऱ्याच कुणाची तरी निवड झालीय.

तेव्हा मला कॉलेजच्या फिजिक्स लॅबमधून रिटायर होऊन सात-आठ महिने झाले होते. लॅब असिस्टंट म्हणून पूर्ण नोकरी तिथेच गेली. मुलांना वायरी जोडून द्यायच्या, मीटर तपासायचे, फुटलेल्या वस्तूंची यादी करायची. आमचे हे रबाळ्याच्या एका कंपनीत मेन्टेनन्सला होते, तेही माझ्या आधी दोन वर्षं घरी बसलेले. नेरूळमधली आमची बिल्डिंग सात मजली, तशी जुनीच. पंप, लिफ्ट, जिन्यातले दिवे, गेटवरचा दिवा, एवढंच तिचं सार्वजनिक आयुष्य.

सोलरचा विषय पाचव्या मजल्यावरच्या एका घरातल्या सुनेनं काढला; बिल्डिंगमध्ये सगळे तिला सूनच म्हणायचे. ती महाप्याला एका आयटी कंपनीत कामाला जायची, स्वतःच्या इलेक्ट्रिक स्कूटरवरून. स्कूटर चार्ज करायला ती खाली पार्किंगमधून वायर ओढायची आणि वॉचमन दर वेळी तिला म्हणायचा, "मॅडम, सेक्रेटरीला विचारलं का?" त्यामुळे मी सेक्रेटरी झाल्याबरोबर ती माझ्याकडे आली.

"काकू, आपल्या गच्चीवर दिवसभर ऊन पडून असतं," ती म्हणाली. "लिफ्ट आणि पंप आरामात चालेल त्याच्यावर. मी सगळं बघते, तुम्ही फक्त मीटिंग लावा."

मला तिचा उत्साह आवडला. लॅबमध्ये अशी एखादी मुलगी दर वर्षी असायची. प्रयोग संपला तरी टेबल सोडायची नाही. मी मीटिंग लावली.

फेब्रुवारीतला शेवटचा रविवार होता. पार्किंगमध्ये प्लॅस्टिकच्या खुर्च्या मांडल्या, सुनेनं भिंतीवर पांढरी चादर लावली आणि लॅपटॉपवरून चित्रं दाखवायला सुरुवात केली. निळ्या रेषा वर जात होत्या, लाल रेषा खाली येत होत्या. ती छान बोलली. पण मी लोकांचे चेहरे बघत होते. लॅबमध्ये मागच्या बाकावरच्या मुलांचे होतात तसे झाले होते ते. पहिल्या मजल्यावरचे आजोबा तर सरळ झोपले.

चित्रं संपल्यावर सातव्या मजल्यावरचे काका उठले. सत्तरी ओलांडलेले, पण ताठ. एका सरकारी खात्यातून हेडक्लार्क म्हणून रिटायर झालेले. त्यांच्या घराच्या बरोबर वर गच्ची.

"एकच प्रश्न," ते म्हणाले. "हे पॅनल उभे कशावर राहणार?"

"लोखंडी स्ट्रक्चरवर, काका."

"आणि ते स्ट्रक्चर कशावर?"

"स्लॅबवर. बोल्ट मारून फिट करतात."

"म्हणजे माझ्या डोक्यावर भोकं पाडणार तुम्ही!" काका इतक्या जोरात ओरडले की आजोबा जागे झाले. "माझा विरोध आहे. लिहून घ्या. मी जिवंत असेपर्यंत या गच्चीवर एक खिळासुद्धा ठोकू देणार नाही."

मग जे होतं तेच झालं. कुणी म्हणालं, गच्चीवर कपडे कुठे वाळत घालायचे? कुणी म्हणालं, वादळात उडून गेलं आणि खाली कुणाच्या डोक्यावर पडलं तर? सून उत्तरं देत होती, पण ऐकत कुणी नव्हतं. मी मिनिट्स बुकात "विषय पुढील सभेपर्यंत तहकूब" असं लिहिलं आणि घरी आले. सुनेचा चेहरा इतका पडला होता की तिला चहाला बोलवायचंही मला सुचलं नाही.

ह्यांना सगळं सांगितलं. हे म्हणाले, "जन्मभर कंपनीत मोटारी सांभाळल्या. आता मला गच्चीवर चढवू नकोस." आणि पेपरात डोकं घातलं.

विषय तिथेच संपला असता. पण त्याच आठवड्यात बुधवारी मावशी आली.

मावशी म्हणजे सारसोळ्याची कोळीण. आमच्या गेटवर आठवड्यातून तीन दिवस मासळी घेऊन बसायची, बिल्डिंगमधली लहान-मोठी सगळी तिला मावशीच म्हणायची. साठीच्या आसपासची, हिरवं लुगडं, केसांत फुलं, आणि बोलताना समोरच्याकडे न बघता कोयत्याकडे बघायची सवय. त्या दिवशी मी बोंबील घेत होते आणि काका दूध घेऊन परत येत होते. मला बघून त्यांना मीटिंगची आठवण झाली आणि ते तिथेच थांबून परत सुरू झाले. स्लॅब, बोल्ट, भोकं.

मावशी बोंबील साफ करता करता म्हणाली, "सोलर लावताव का तुमी? आमचे घरावर हाय ना. दोन वरसं झाली."

खरं सांगायचं तर मला आधी वाटलं, ती पाणी तापवायच्या टाकीबद्दल बोलतेय.

"पाणी गरम करायचं?" मी विचारलं.

"नाय गो बाय. लाइटचं. दहा फल्या हायेत. सगला घर चालतं."

काका म्हणाले, "मग गळत असेल स्लॅब."

मावशीनं पहिल्यांदा कोयत्यावरून नजर वर केली. "माजा स्लॅब? एक थेंब गलत नाय. येवा आनि बगा. रविवारी दुपारी या, मी घराच हाय."

काका दूध घेऊन वर गेले. पण रविवारी साडेतीनला त्यांनीच माझ्या घराची बेल वाजवली. डोक्यावर टोपी, हातात छत्री, पायात बूट. "चला," म्हणाले, "ती काय म्हणते ते बघून तरी येऊ." ह्यांनी पेपर खाली ठेवला आणि चपला घातल्या. सुनेला मी फोन केला, ती धावत खाली आली.

आमच्या बिल्डिंगपासून सारसोळे चालत पंधरा मिनिटांवर. मी नेरूळमध्ये इतकी वर्षं राहतेय, पण त्या गावात आत, घरांपर्यंत, मी पहिल्यांदाच जात होते. मावशीचं घर गल्लीच्या टोकाला, तीन माळ्यांचं, गुलाबी रंगाचं. खाली तिचा मोठा मुलगा राहायचा, मधल्या माळ्यावर धाकटा. तिनं आम्हाला आधी सरबत दिलं आणि मग जिन्यानं वर नेलं.

गच्चीवर गेलो तर पॅनल आमच्या डोक्याच्याही वर होते. पुरुषभर उंचीचे लोखंडी खांब, त्यावर तिरक्या मांडलेल्या दहा फळ्या, आणि खाली ऐसपैस सावली. सावलीत एक खाट होती, जाळ्यांचा ढीग होता, दोन नातवंडं अभ्यास करत होती. सावलीच्या बाहेर, उन्हात, दोरीवर बोंबील वाळत होते. मार्चमधल्या चार वाजताच्या उन्हात आम्ही तिथे उभे होतो आणि वारा लागत होता.

काका खांबाच्या पायथ्याशी वाकले. खांब स्लॅबमध्ये घुसलेले नव्हते. प्रत्येक खांबाखाली सिमेंटचा मोठा चौकोनी ठोकळा होता आणि खांब त्या ठोकळ्यात बसवलेला होता. काकांनी छत्रीच्या टोकानं ठोकळा हलवून बघितला. हलला नाही.

"बोल्ट कुठे आहेत?"

"तो कंपनीवाला बोल्ट मारीत होता," मावशी म्हणाली. "मी सांगलं, माजे स्लॅबला टोचायचा नाय. काय ते वजन वर ठेव. तो म्हने, मावशी, खर्च वाढंल. मी म्हनलं, वाढूं दे. घर माजा हाय."

हे तोवर इन्व्हर्टरच्या डब्यासमोर उकिडवे बसले होते. खिशातून त्यांनी चष्मा काढला. मी ओळखलं, हा माणूस आता तासभर हलणार नाही.

सून म्हणाली, "मावशी, तुम्हाला कसं सुचलं हे? कुणी सांगितलं?"

"सांगल कोन? माजे भावाचे घरावर बगितला. पलीकडचे गावात हाय तो. गनपतीला गेलू तं त्याचे गच्चीवर जेवायला बसलो. म्हनलं, ये काय नवीन? तो बोलला, ताई, खालची खोली पन गार झाली." मावशी खाटेवर बसली. "आमची वरची खोली म्हंजे नुसती भट्टी. भाडेकरू येयाचा आनि मे महिन्यात पलायचा. मना वाटला, लाइट होवो न होवो, सावली तं होईल."

मी आणि सुनेनं एकमेकींकडे बघितलं. तिच्या त्या निळ्या-लाल रेषांत खोली गार होते हे कुठेच नव्हतं.

"मग आता भाडेकरू टिकले?" मी विचारलं.

"छे! आता मीच ऱ्हाते वर," मावशी हसली. "अशी गार खोली भाडेकरूला कशाला देऊ?"

मग ती हळू आवाजात म्हणाली, "बाय, या घरावर एक माला चढला, तो माजे मालकाने चढवला. दुसरा पोरांनी चढवला. लादी, रंग, दरवाजे, मना कोनी इचारला नाय. हा एकच असा हाय, जो मी सांगून चढवला. पोरं नको म्हनत होती. आता त्यांचे दोस्त येतान बगायला, तं पोरं सांगतान, आमची आय लय हुशार हाय."

काका म्हणाले, "मावशी, ती गच्चीखालची तुमची खोली बघू शकतो का?"

मला वाटलं, ते गारवा बघायला जातायत. आम्ही खाली गेलो. छोटी खोली, एक पलंग, देव्हारा, कोपऱ्यात पेटी. काका आत आले आणि त्यांनी कशाकडेही न बघता मान वर केली. छताचा एक कोपरा बघितला, दुसरा बघितला. मग मावशीला विचारून स्टुलावर चढले, ह्यांनी स्टूल धरलं, आणि काकांनी छताला तळहात लावला. डॉक्टर पेशंटच्या कपाळाला लावतो तसा. किती वेळ तसेच उभे होते.

"कोरडं आहे," ते म्हणाले. त्यांचा आवाज एकदम वेगळा होता.

परत बिल्डिंगपाशी आल्यावर मी काकांना म्हटलं, "तुमचं छत बघायला येऊ का?"

"आज का?" ते म्हणाले. "सहा वर्षं अर्ज देतोय."

ते खरं होतं. माझ्या आधीच्या सेक्रेटरीनं मला जी फाइल दिली होती, तिच्यात काकांचे अर्ज होते. सगळे एकाच वळणदार अक्षरातले, सगळ्यांच्या शेवटी "आपला विश्वासू". मी ते वाचले होते आणि नीट क्रमानं लावून ठेवले होते. लॅबमधली सवय. लावून ठेवणं म्हणजे काम करणं नव्हे, हे मला त्यांच्या बेडरूमच्या दारात उभं राहिल्यावर कळलं.

छतावर पिवळ्या-तपकिरी डागांचे नकाशे होते. एका कोपऱ्यात प्लास्टर पडून लोखंडी सळ्या दिसत होत्या. कपाट प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेलं. काकू म्हणाल्या, "पावसाळ्यात आम्ही पलंग तीनदा सरकवतो. जूनमध्ये खिडकीशी, जुलैत दाराशी, आणि ऑगस्टमध्ये हॉलमध्येच झोपतो." हे सांगताना त्या हसत होत्या, त्यामुळे मला जास्तच वाईट वाटलं. "ह्यांना सोलरचा राग नाही हो," काकू म्हणाल्या. "ह्यांना वाटतं, एकदा वर ते सगळं उभं राहिलं की मग गच्चीला हात लावायला कुणी तयार होणार नाही. मग आमचं छत असंच राहील."

काका खिडकीतून बाहेर बघत होते. मी म्हटलं, "काका, आधी तुमचं छत. सोलरचं नंतर बघू."

"लिहून देता?"

"मिनिट्स बुकात लिहिते."

आणि लिहिलं. पुढच्या मीटिंगला मी सोलरचं नावसुद्धा काढलं नाही. फक्त गच्चीचं वॉटरप्रूफिंग, एवढाच विषय. सून जरा नाराज झाली होती, पण तिला मी काकांच्या बेडरूममध्ये नेऊन आणलं होतं, त्यामुळे तिनं हात वर केला. पैशाची जमवाजमव कशी केली, कोण किती दिवस माझ्याशी बोलत नव्हतं, ते सांगत बसत नाही. प्रत्येक सोसायटीत ते असंच असतं. मे महिन्यात काम सुरू झालं. जुना कोबा फोडला, नवीन घातला, वर पांढऱ्या फरशीचे तुकडे बसवले. ह्यांनी, म्हणजे मला गच्चीवर चढवू नकोस म्हणणाऱ्या माणसानं, रोज सकाळ-संध्याकाळ वर जाऊन कामावर नजर ठेवली.

काम संपल्यावर गच्चीवर पाणी भरून ठेवतात. कडेला मातीचे बांध घालायचे, टाचभर पाणी सोडायचं आणि दोन-तीन दिवस तसंच राहू द्यायचं. खाली गळलं नाही तर काम पास. त्या तीन दिवसांत काका बेडरूममध्ये खुर्ची टाकून छताकडे बघत बसले. जेवणसुद्धा काकू तिथेच आणून द्यायच्या. येणारा-जाणारा विचारायचा, "काय काका, काय म्हणतंय?" आणि काका बोटानं गप्प राहायची खूण करायचे, जणू आवाजानं गळायला लागेल. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी पाणी सोडून दिलं, तेव्हा ते म्हणाले, "हे टाचभर पाणी. खरी परीक्षा जुलैत."

जुलैत एकदा सलग चार दिवस पाऊस लागला होता. चौथ्या दिवशी सकाळी काकू माझ्याकडे आल्या. हातात झाकलेलं ताट. उघडलं तर गरम घावन आणि नारळाची चटणी. त्या राजापूरच्या, त्यांचे घावन म्हणजे जाळीदार, पातळ.

"कशाबद्दल?" मी विचारलं.

"पलंग जागेवर आहे," त्या म्हणाल्या. बस, एवढंच. मग दोघींनी स्वयंपाकघरातच उभ्या उभ्या घावन खाल्ले. ह्यांना दोनच उरले.

सप्टेंबरच्या जनरल मीटिंगला मी अजेंडा वाचून संपवला आणि विचारलं, "आयत्या वेळचा विषय कुणाचा आहे का?" काका उठले. त्यांच्या हातात कागद होता, वळणदार अक्षरातला.

"गच्चीवर सोलर बसवण्यात यावं," त्यांनी वाचलं. "अट पहिली, स्लॅबला एकही भोक पाडू नये, ठोकळ्यांवर उभं करावं. अट दुसरी, स्ट्रक्चर पुरुषभर उंचीवर असावं, म्हणजे खाली वावरता येईल आणि कपडेही वाळतील. अट तिसरी, वादळवाऱ्याचा हिशेब इंजिनियरकडून लेखी घ्यावा. सूचक मी."

सून अनुमोदन द्यायला इतक्या पटकन उठली की तिची खुर्ची मागे पडली.

या वेळी भिंतीवर चादर नव्हती. लोकांनी प्रश्न विचारले आणि ह्यांनी उत्तरं दिली, साध्या शब्दांत. कुणीतरी म्हणालं, "म्हणजे आता लाइट गेली तरी लिफ्ट चालू राहणार!" सून ह्यांच्याकडे बघायला लागली. मला माहीत होतं, इथे गोडगोड बोललं तर चार मतं वाढतील. हे म्हणाले, "नाही. बाहेरची लाइट गेली की हेही बंद होतं. बॅटरी लावली तर गोष्ट वेगळी, ती आपण लावत नाही आहोत. लाइट गेल्यावर जिना चढायचा, जसा आत्ता चढता." मग पहिल्या मजल्यावरचे आजोबा म्हणाले, "हा माणूस खोटं सांगत नाही. माझा हो." त्यांच्यामागे बाकीचे हात वर गेले. मी मोजले. फक्त दोन वर गेले नाहीत, आणि त्यातला एक माणूस फोनवर बोलत होता.

नंतर मी जिन्यात, लिफ्टमध्ये सहज विचारत गेले, तुम्ही 'हो' का म्हणालात? एकाचंही उत्तर दुसऱ्यासारखं नव्हतं. दुसऱ्या मजल्यावरच्या बाईंना गच्चीवर सावली हवी होती, पापड घालताना डोकं दुखतं म्हणून. चौथ्या मजल्यावरच्या साहेबांच्या साडूकडे, पनवेलला, बंगल्यावर सोलर आहे आणि साडू दर भेटीत त्याबद्दल बोलतो, ते त्यांना आता सहन होत नव्हतं. आजोबांना सून आवडते, ती त्यांना औषधं आणून देते, म्हणून. ऊन, हवा, पृथ्वी वगैरे म्हणणारी एकटी सूनच, आणि तिलाही आधी स्कूटर चार्ज करायची होती, हे तिनं स्वतःच मला हसत सांगितलं. मला हे सगळं ऐकून बरं वाटलं. कारण कुठलंही असो, हात वर गेला होता.

डिसेंबरमध्ये पॅनल आले. क्रेन लावून वर चढवले तेव्हा खाली लग्नाच्या वरातीला जमते तशी गर्दी जमली होती. मावशीही होती, पाटी बाजूला ठेवून, कमरेवर हात देऊन. तिनं वरच्या माणसांना तीन-चार सूचना केल्या. त्या वरपर्यंत पोहोचल्या नाहीत, तरी तिनं केल्या. काका गच्चीवर ठोकळे मोजत होते. वीज कंपनीचा माणूस नवीन मीटर बसवून गेला, त्या दिवशी दुपारी बाराच्या सुमाराला ह्यांनी मला खाली बोलावलं. "बघ," म्हणाले. मीटरवरचा बाण उलट्या दिशेला होता. आपली वीज बाहेर जात होती. मी आयुष्यभर मुलांना मीटर वाचायला शिकवलं, पण हे मी कधी बघितलं नव्हतं. दोघं तिथेच उभे राहिलो, शेवटी वॉचमननं विचारलं, "काय बिघडलं का, सर?"

आता रोज सकाळी साडेसहाला काका बादली आणि लांब दांड्याचा पोछा घेऊन वर जातात. त्यांना कुणी सांगितलेलं नाही. रस्त्याची धूळ बसते, कबुतरं घाण करतात, ती ते पुसून काढतात. ह्यांनीही आता त्यांच्याबरोबर जायला सुरुवात केलीय. दोघं तासभर वर काय करतात देव जाणे, पण खाली येतात तेव्हा भूक लागलेली असते आणि राजकारणावर वाद घालून झालेला असतो. काकूंनी बेडरूमला फिकट हिरवा रंग दिलाय. कपाटाचं प्लॅस्टिक काढल्यावर आत त्यांच्या लग्नातला शालू सापडला. इतकी वर्षं त्या तो गावी विसरलाय असं समजत होत्या.

शेजारच्या बिल्डिंगचे लोक दोनदा बघून गेले. त्यांचे सेक्रेटरी तरुण आहेत, हुशार आहेत, त्यांनी लॅपटॉप आणला होता. मी त्यांना म्हटलं, "आधी तुमच्या सर्वात वरच्या मजल्यावर कोण राहतं, त्यांच्याकडे चहाला जाऊन या." त्यांना ते नीट कळलं नाही बहुतेक. पण परवा त्यांच्या सातव्या मजल्यावरच्या बाई मला बाजारात भेटल्या आणि म्हणाल्या, "आमचे सेक्रेटरी आले होते हो घरी, सहज." म्हणजे कळलं असावं.

मी लोकांना सांगते, ज्याचं घर त्याचंच, वरपासून खालपर्यंत, त्याला हे सोपं आहे. मावशीला एक ठोकळा कुठे ठेवायचा हे कुणाला विचारावं लागलं नाही, मुलांचा विरोध तिनं दोन दिवसांत मोडून काढला. आमच्यासारख्यांची गच्ची सगळ्यांची, त्यामुळे ती कुणाचीच नसते. ती कुणाची तरी व्हावी लागते, मग काम होतं. आमच्याकडे ती काकांची झाली.

या वर्षी मी सेक्रेटरीपद सोडलं. मीटिंगला मी चष्मा घालूनच गेले होते, आणि माझ्या जागी पाचव्या मजल्यावरच्या सुनेचं नाव मीच सुचवलं. ती आता पावसाचं पाणी जमिनीत मुरवायचं म्हणतेय. पार्किंगच्या कोपऱ्यात खड्डा खणावा लागेल, आणि तिथे तळमजल्यावरच्या एकांची गाडी असते. त्यांचा विरोध आहे. मी सुनेला म्हटलं, त्यांना मी ओळखते, वाईट माणूस नाही. ती म्हणाली, "काकू, तुम्ही याल ना बरोबर?" शनिवारी संध्याकाळी त्यांच्याकडे जायचं ठरलंय. मी डाळवड्यांसाठी डाळ भिजत घालणार आहे.